'मंजूर, मंजूर' म्हणायच्या आधी: डोमेनच्या धोरणात आपला शब्द कसा घालायचा

कोल्हापूरच्या चप्पल लाईनीतले एक मामा गणपतीच्या तोंडावर माझ्याकडे आले. छत्री दारात उभी केली आणि मोबाईल टेबलावर ठेवला. त्यांच्या दुकानाच्या वेबसाइटच्या जागी रमीची जाहिरात नाचत होती.

प्रकार नेहमीचाच. डॉट कॉमचं नाव, म्हणजे वेबसाइटचा पत्ता किंवा डोमेन, वेबसाइट करून देणाऱ्या पोरानं स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं. पोरगं पुण्याला नोकरीला लागलं, तो ईमेल बघायचं बंद झालं आणि नावाची मुदत संपली. वेबसाइट बंद पडली तेव्हा मामा वारीत होते. परत आल्यावर त्यांना वाटलं, पावसानं नेट गेलंय. दंड भरून नाव परत घ्यायची मुदतही उलटली आणि कुणीतरी दुसऱ्यानं ते उचललं. मी हात वर केले.

"ह्यो नियम केलाय कुणी?" मामा म्हणाले. "कुठं बसतंय ते माणूस? निवेदन देऊया की!"

मला हसू आलं, पण प्रश्न अगदी बरोबर होता. हे नियम करणारी माणसं बसतात, त्यांच्या बैठका उघड्या असतात आणि तिथं निवेदन देताही येतं. फक्त ते कलेक्टर कचेरीवर द्यायच्या निवेदनासारखं असून चालत नाही. कसं द्यायचं, ते इथं लिहितोय. दुकानदार, हॉटेलवाले, संस्था चालवणारे, वेबसाइट करून देणारे, भाषेचे शिक्षक अशा सगळ्यांसाठी.

आधी गाऱ्हाणं आणि धोरण वेगळं करा

निम्मी माणसं इथंच चुकतात. रजिस्ट्रार, म्हणजे ज्याच्याकडून नाव विकत घेतलं तो, असलेला नियम पाळत नसेल तर ती नियमभंगाची तक्रार झाली. डॉट कॉम, डॉट ऑर्ग अशा नावांसाठी ती आयकॅन या इंटरनेटवरच्या नावांचं बघणाऱ्या जागतिक संस्थेच्या नियमपालन विभागाकडे फॉर्म भरून करता येते. तुमच्या ब्रँडचं नाव दुसऱ्यानं मुद्दाम अडवून ठेवलं असेल तर तो वाद, आणि त्याला लवाद आहे. बनावट साइटवरून पैसे गेले असतील तर धोरणाचा विचार नंतर करा, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

या तिन्हींत न बसणारी गोष्ट उरते ती धोरणाची: नियम पाळला गेला आणि तरीही माणूस बुडाला. मामांचं नेमकं हेच झालं होतं. डॉट कॉमच्या नियमाप्रमाणे रजिस्ट्रारला मुदतीच्या साधारण महिनाभर आधी एक आणि आठवडाभर आधी एक सूचना पाठवावी लागते. नूतनीकरण झालं नाही, तर मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत आणखी एक. शिवाय नाव काढून टाकण्याआधी शेवटचे किमान आठ दिवस वेबसाइट मुद्दाम बंद ठेवावी लागते, म्हणजे मालकाचं लक्ष जाईल. हे सगळं कागदोपत्री झालं असणार. सूचना गेल्या त्या पोराच्या ईमेलवर, आणि ते आठ दिवस गेले वाखरीच्या वाटेवर.

आता गंमत बघा. हा नियम कंपन्यांनी आपण होऊन केलेला नाही. आयकॅनमध्ये सर्वसामान्य वापरकर्त्यांची एक सल्लागार समिती आहे. तिनं २००८ मध्ये विचारलं की मुदत संपलेली नावं मालकाच्या हातून अशी सहज का निसटतात. त्यावर कामगट बसला, मसुदे निघाले, हरकती आल्या आणि ३१ ऑगस्ट २०१३ पासून नियम लागू झाला. म्हणजे मामांना जी काही थोडीफार ढाल होती, ती त्यांच्यासारख्याच कुणीतरी मागून घेतलेली होती.

डॉटच्या उजवीकडे बघा

कुठल्या दारात जायचं हे नावाच्या शेपटावरून ठरतं. शेवटी कॉम, ऑर्ग, नेट, शॉप असं काही असेल तर नियम आयकॅनच्या छत्राखाली ठरतात. ही १९९८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात स्थापन झालेली ना-नफा संस्था. इंटरनेटच्या नावांच्या मुळाच्या यादीवर, म्हणजे या सगळ्या शेपटांच्या यादीवर, अमेरिकी सरकारची करारानं जी देखरेख होती, ती १ ऑक्टोबर २०१६ ला संपली. तेव्हापासून तिथं कुठल्याच एका सरकारचा शब्द शेवटचा नसतो.

शेवटी डॉट इन किंवा डॉट भारत असेल तर आयकॅनकडे जाऊन उपयोग नाही. देशाच्या नावाचे नियम देशात ठरतात. ते बघते निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया. ही २००३ मध्ये उभी राहिलेली संस्था केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. वर सांगितलेला तीन सूचनांचा नियम आयकॅनच्या नावांना बांधतो, डॉट इनला नाही. डॉट इन घेणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावं.

कधी कधी दार तिसरंच असतं. रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये सगळ्या बँकांना 'डॉट बँक डॉट इन' या नावाखाली यायला सांगितलं, मुदत दिली ३१ ऑक्टोबर २०२५. ही नावं देण्याचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे. आपल्या जिल्ह्यातल्या नागरी सहकारी बँकाही त्यात आल्या. पतसंस्था मात्र बँक नसते, त्यामुळे तिला हे नाव मिळत नाही. उद्या गावातल्या ठेवीदारानं विचारलं, "आपल्या संस्थेच्या नावात बँक का नाही, खोटी आहे काय?" तर उत्तर काय देणार? हा पतसंस्थांच्या संघटनांनी मांडायचा अस्सल धोरणाचा मुद्दा आहे, आणि तो रिझर्व्ह बँक आणि निक्सीपुढे मांडायचा.

आपली खुर्ची कुठली

आयकॅनची रचना एखाद्या मोठ्या सहकारी संघासारखी समजा. गावच्या संस्था, त्यांचे प्रतिनिधी, वर संचालक मंडळ. संचालकांत मत असणारे १६. पण डॉट कॉमसारख्या नावांचं धोरण संचालक तयार करत नाहीत. ते तयार होतं जीएनएसओ नावाच्या विभागात. त्याच्या परिषदेत २१ जण असतात: नावांची घाऊक नोंदवही ठेवणाऱ्या रजिस्ट्री, किरकोळ विकणारे रजिस्ट्रार, धंदेवाले आणि बिगर-धंदेवाले असे चार गट, वर निवड समितीनं नेमलेले तिघे.

चपलांचा, गुळाचा किंवा हुपरीच्या चांदीचा व्यापारी असाल तर धंदेवाल्यांच्या गटातला व्यापारी उपगट तुमचा. इंटरनेट जोडणी देणारे असाल तर त्याच गटात सेवा पुरवणाऱ्यांचा उपगट आहे. वाचनालय, तालीम, सेवाभावी संस्था यांनी बिगर-धंदेवाल्यांकडे जावं. आणि 'मी कुणीच नाही, नुसता इंटरनेट वापरतो' असं वाटत असेल तर वापरकर्त्यांची संघटना तुमचीच. तिचे जगात पाच विभाग. आशिया, ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिक बेटांचा विभाग म्हणजे ॲप्रालो, आणि तिथं एकट्या माणसालाही सभासद होता येतं. मामांचा मुद्दा या खुर्चीवरून सगळ्यात चांगला मांडता येतो, असं माझं मत.

सरकारांची समिती वेगळी. तिचं काम सल्ला देणं, पण त्या सल्ल्याला वजन असतं. २०१२ च्या फेरीत नव्या शेपटांसाठी १,९३० अर्ज आले. त्यात एका मोटार कंपनीनं आपल्या ट्रकच्या ब्रँडसाठी 'डॉट राम' मागितलं होतं. भारत सरकारनं हरकत घेतली आणि समितीनं ती आपल्या जाहीर निवेदनात नोंदवली. 'डॉट इंडियन्स'बद्दलही तसंच. म्हणून विषय गावाच्या, देवाच्या किंवा समाजाच्या नावाचा असेल तर मंत्रालयालाही पत्र टाका. त्या समितीत आपला आवाज मंत्रालयाच्या प्रतिनिधीचाच असतो.

ठराव कसा पास होतो

आपल्याकडच्या सर्वसाधारण सभा सगळ्यांनी बघितल्यात. विषय क्रमांक एक वाचायच्या आतच पुढच्या रांगा 'मंजूर, मंजूर' ओरडतात, मागच्या 'नामंजूर', आणि पंधरा मिनिटांत राष्ट्रगीत. आयकॅनमध्ये याच्या बरोब्बर उलटं दुखणं आहे. तिथं काहीच लवकर मंजूर होत नाही.

आधी प्रश्नाचा अहवाल निघतो: नेमकी अडचण काय, आपल्या अधिकारात बसते का. त्यावर लोकांची मतं मागवतात. मग परिषद कामगट नेमते आणि त्याला कामाची सनद देते. कामगट वर्ष-दोन वर्षं दर आठवड्याला ऑनलाइन बसतो आणि पहिला मसुदा काढतो. त्यावर पुन्हा मतं, साधारण ४० दिवस. मग अंतिम अहवाल, परिषदेचं मतदान, संचालकांचं मतदान. परिषदेनं भरघोस बहुमतानं पाठवलेलं धोरण नाकारायचं तर संचालकांतले दोन तृतीयांशाहून जास्त विरोधात जावे लागतात. म्हणजे खरी लढाई खालीच होते, वर जाऊन गळा काढण्यात अर्थ नाही.

कामगटात हात मोजत नाहीत. अध्यक्ष प्रत्येक शिफारशीला शिक्का देतो: संपूर्ण एकमत, एकमत, पाठिंबा मोठा पण विरोधही ठळक, किंवा मतं फाटलेली. एकट्याचं वेगळं मतही अहवालात छापून येतं.

नव्या माणसानं बोलायच्या जागा दोनच: प्रश्नाचा अहवाल आणि पहिला मसुदा. अंतिम अहवालानंतर बोलणं म्हणजे वरात गेल्यावर बँड लावणं. मामांच्या नियमाला प्रश्न विचारल्यापासून लागू होईपर्यंत पाच वर्षं गेली. कोल्हापूरकराला हे नवं नाही. उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसाठी इथल्या वकिलांनी चार दशकं रेटा लावला, तेव्हा कुठं १७ ऑगस्ट २०२५ ला उद्घाटन झालं.

लिहायचं कसं

मामांनी सांगितलेला पहिला मजकूर मी जसाच्या तसा उतरवून घेतला:

"रजिस्ट्रार कंपन्यांनी गरीब व्यापाऱ्यांची लूट त्वरित थांबवावी, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल."

मोर्चाच्या फलकाला झकास, पण कामगटाला याचा काडीचा उपयोग नाही. मतं वाचणारा कर्मचारी प्रत्येक पत्रातून तीन गोष्टी शोधत असतो: मसुद्यातलं कुठलं कलम, त्यावर तुमचा काय अनुभव, आणि त्याऐवजी काय हवं. तासभर बसून, मध्ये दोन चहा होऊन, मजकूर असा झाला:

"मी कोल्हापुरात चपलांचं दुकान चालवतो. माझ्या दुकानाचं नाव ११ वर्षं नोंदलेलं होतं. नोंदणी वेबसाइट करणाऱ्याच्या ईमेलवर होती, पैसे मात्र दरवर्षी मी देत होतो. मुदतीच्या सर्व सूचना त्या एकाच ईमेलवर गेल्या. आमच्या बाजारात बहुतेक दुकानदारांची नोंदणी अशीच दुसऱ्याच्या ईमेलवर असते. मागणी: नोंदणी करताना दुसरा संपर्क देण्याची सोय सक्तीची असावी, आणि शेवटची सूचना दोन्ही ठिकाणी जावी."

'बहुतेक' वर मी अडलो. "मोजलंय का मामा?" नव्हतं. मग त्यांनी दुसऱ्या दिवशी आपल्या रांगेतल्या ओळखीच्या दुकानांत जाऊन विचारलं आणि आकडा आणला. वेबसाइट असलेली दुकानं नऊ, त्यातली सहा दुसऱ्याच्या ईमेलवर. 'बहुतेक' खोडून 'विचारलेल्या नऊपैकी सहा' लिहिलं. नऊ दुकानांची ही मोजणी छोटी आहे, पण कुणी 'कशावरून?' विचारलं तर मामा छातीठोक उत्तर देऊ शकतात. असला पुरावा परदेशातल्या वकिलाकडे नसतो, तो चप्पल लाईनीतच मिळतो.

आता बारीक गोष्टी. पाठवलेलं मत जगाला दिसतं, तेव्हा त्यात मोबाईल नंबर, बिलाचा फोटो किंवा त्या पोराचं नाव टाकायचं नाही. ज्या कलमाबद्दल बोलताय त्याचा क्रमांक पहिल्या ओळीत हवा. चार मुद्दे असतील तर पोटात दुखणारा एकच ठेवा. दुसऱ्याचं मत नक्कल करून पन्नास सह्यांनी पाठवू नका, कारण पन्नास सारखी पत्रं एकच मुद्दा म्हणून वाचली जातात. पाच दुकानदारांनी आपापल्या शब्दांत लिहिलेली पाच पत्रं त्याहून भारी. आणि मसुद्यात काही चांगलं असेल तर तेही सांगा. आपण फक्त विरोधाला लिहितो, आणि ज्याला सगळे चांगलं समजून गप्प बसतात ते कलम पुढच्या मसुद्यात गळतं.

मुदत संपल्यावर कर्मचारी मतांचा सारांश काढतात. तो उघडून आपला मुद्दा शोधा. चुकीचा उतरवला असेल तर तसं कळवा.

गुऱ्हाळाची गोष्ट

धोरण म्हणजे फक्त पैसे आणि मुदती नव्हे. अक्षरंही त्यात येतात, आणि इथं मराठी माणसानं झोपून चालणार नाही.

देवनागरीतलं डॉट भारत ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं. त्यात मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी धरून आठ भाषा. आता समजा करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळवाल्याला 'गुऱ्हाळ' हे नाव हवंय. शब्द मोबाईलवर लिहा. काही कीबोर्ड तो असा साठवतात: ग, उकार, ऱ, हलन्त, ह, काना, ळ. सात चिन्हं. काही मात्र साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, आणि पुढे ह. आठ चिन्हं. पडद्यावर दोन्ही 'गुऱ्हाळ' एकसारखे. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. आणि ते अदृश्य चिन्ह गळलं की होतं 'गुर्हाळ', जे आपली आजी वाचणारच नाही. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांत डोंगर आणि समुद्राएवढं अंतर आहे, हे हिंदीतून विचार करणाऱ्याच्या ध्यानात येईलच असं नाही.

इंटरनेटच्या मुळाच्या यादीत, म्हणजे सगळ्यात उजवीकडच्या शेपटांत, ते अदृश्य जोडचिन्ह चालत नाही. म्हणून मराठीचा हा अर्धा र तिथं 'ऱ' या वेगळ्या अक्षरानंच बसवावा लागतो. हे नियम ठरवायला भारतीय उपखंडातल्या नऊ लिप्यांसाठी तज्ज्ञांचं एक मंडळ होतं. देवनागरीचा प्रस्ताव लोकांच्या मतांसाठी खुला झाला आणि २०१९ मध्ये मुळाच्या नियमावलीत देवनागरी आली. डॉटच्या डावीकडच्या नावांचे नियम मात्र ज्याची त्याची रजिस्ट्री ठरवते, म्हणजे डॉट भारतपुरती निक्सी.

इथं काय करता येईल? मराठीच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून ऱ्य, ऱ्ह, ळ, ॲ असलेल्या शंभर शब्दांची यादी करून घ्यावी: साताऱ्याचा, वऱ्हाड, तऱ्हा असे, दुकानांच्या पाट्यांवर येणारे शब्द. मग ते चार वेगवेगळ्या मोबाईलवर लिहून नावाच्या शोधखिडकीत टाकावेत आणि कुठला नाकारला जातो, कुठला वेगळा समजला जातो हे तक्त्यात नोंदवावं. दुसरा प्रयोग: देवनागरी ईमेल पत्ता घेऊन प्रवेशाचे, बिलाचे, तिकिटाचे फॉर्म भरून बघा. बरेच फॉर्म 'ईमेल अवैध' म्हणून हाकलतील. तारीख, फॉर्म आणि नकाराचा संदेश टिपून ठेवा. सगळ्या लिपींतली नावं सगळीकडे चालावीत यासाठी झटणारा एक आंतरराष्ट्रीय गट २०१५ मध्ये उभा राहिला; हे काम करणाऱ्यांना असल्या नोंदींची भूक असते.

कोल्हापुरी नावाचं काय?

हा प्रश्न हमखास येतो. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांचं मिळून. पण डॉट कॉमच्या वादासाठी १९९९ पासून जी लवादाची पद्धत आहे, ती फक्त ट्रेडमार्क आणि सर्व्हिस मार्क ओळखते. नुसतं मानांकन दाखवून तिथं नाव परत मिळत नाही. डॉट इनच्या लवादात शब्द जरा सैल आहेत, तिथं 'नाव'ही धरलं जातं. ही फट बुजवायची तर कारागिरांच्या संस्थांनी दोन्ही राज्यांतून मिळून मागणी करायला हवी. इथं कोल्हापूर-निपाणी वाद काढाल तर मुद्दा बुडाला म्हणून समजा.

पैसा, वेळ, भाषा

मत द्यायला पैसे लागत नाहीत. आयकॅनच्या वर्षातून तीन मोठ्या बैठका होतात, ऑनलाइन बसायला शुल्क नाही. २००८ ला दिल्लीत आणि २०१६ ला हैदराबादेत त्या झाल्या. नवख्यांसाठी प्रवासखर्च देणारी फेलोशिप आहे, विद्यार्थ्यांसाठी वेगळी योजना आहे. पैसा लागतो तो स्वतःचं शेपूट हवं असेल तर: २०२६ च्या फेरीचं अर्जशुल्क २,२७,००० डॉलर. तेवढ्यात चप्पल लाईन दोनदा रंगवून होईल.

वेळेचं दुखणं खरं आहे. कामगटाची बैठक आपल्या मध्यरात्रीही येते. दुभाषे संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांचे, त्यात मराठी नाही. लिहायचं इंग्रजीत, पण विचार मराठीत पक्का करून मगच. आम्ही चौघं शनिवारी दुकानं बंद झाल्यावर बसतो. एक जण मसुदा वाचतो, एक मराठीत सांगतो, एक शंका काढतो. चौथे मामा. त्यांना इंग्रजी येत नाही, पण "ह्यात तोटा कुणाचा?" हे ते प्रत्येक कलमाला विचारतात, आणि निम्म्या वेळा उरलेल्या तिघांना उत्तर येत नाही.

मामांनी आता दुसरं नाव घेतलंय. नोंदणी स्वतःच्या नावावर, ईमेल लेकीचा. मुदतीची तारीख गल्ल्यामागच्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल केलेली आहे, आणि त्याच पानावर जरा वरच्या बाजूला दुसरा गोल: पुढच्या मसुद्यावर मत द्यायचा शेवटचा दिवस.